हिवाळ्यातील गरम पाणी आणि कारागिराच्या घरचा विजेचा हिशेब

दिवाळी सरली की घराघरांतील पंखे बंद होतात. कूलर पोत्यात गुंडाळून माळ्यावर जातो. फ्रिजलाही मे महिन्याइतके काम उरत नाही. या हिशेबाने डिसेंबर-जानेवारीचे वीज बिल चांगलेच खाली यावयास हवे. परंतु पुष्कळ कुटुंबांचा अनुभव निराळा आहे. बिल होते तेथेच राहते, किंबहुना काही घरांत वाढते. मग मीटर वेगाने पळतो, रीडिंग चुकीचे घेतले, अशी चर्चा सुरू होते. मीटर क्वचित सदोष असतोही. पण बहुतेक वेळा कारण न्हाणीघरात असते. पंख्यांनी वाचविलेली वीज गरम पाण्याने खाल्लेली असते.

ज्यांच्या घरातच धंदा चालतो, म्हणजे शिलाई, जरीकाम, पर्स-पिशव्या, पुस्तकबांधणी, इमिटेशनचे दागिने, अशा बंधू-भगिनींसाठी ही बाब केवळ दोन-तीनशे रुपयांची नाही. तिच्यावर पुढील वर्षीच्या बिलाचा गट अवलंबून असतो. म्हणून या खेपेस व्यापार पानावर घरातील पाण्याचाच हिशेब मांडीत आहोत. वाचकांनी आपले मागील बिल व एक वही जवळ घेऊन बसावे.

एका युनिटात दोन बादल्या

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्या एका युनिटात किती पाणी तापते हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. विजेच्या एका युनिटातून सुमारे ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणजे ८६० लिटर पाणी एक अंशाने तापेल, किंवा ८६ लिटर पाणी दहा अंशांनी तापेल.

आता घरातील बादली घ्या. साधारण बादलीत १८ लिटर पाणी बसते. मालेगाव, निफाड, परभणी या बाजूस डिसेंबरात पहाटे स्लॅबवरील टाकीतील पाणी १६ अंशांच्या आसपास असते असे धरू. अंघोळीला ४० अंशांचे पाणी पुरे होते. फरक २४ अंशांचा. १८ लिटर गुणिले २४ म्हणजे ४३२ किलोकॅलरी. हे बरोबर अर्ध्या युनिटाइतके झाले. सूत्र लक्षात ठेवावयास सोपे आहे: थंडीच्या दिवसांत एका युनिटात अंघोळीच्या दोन बादल्या.

घरात सात माणसे आहेत आणि प्रत्येकाची एक बादली आहे, तर दररोज साडेतीन युनिटे लागतील. तीस दिवसांची १०५. वुजूचे पाणी, भांड्यांना कोमट पाणी, लहान मुलांचे हातपाय मिळून रोज पाऊण युनिट धरले तर आणखी २२. म्हणजे एका महिन्यात सव्वाशेच्या वर युनिटे फक्त पाण्याला गेली. आता पंख्यांकडे पहा. जुना ७५ वॅटचा पंखा दिवसाला बारा तास फिरला तर ०.९ युनिट घेतो; तीन पंखे महिन्याला ८१ युनिटे. नोव्हेंबरात ही ८१ युनिटे वजा होतात आणि १२७ जमा होतात. मीटरला दोष देण्यापूर्वी ही बेरीज-वजाबाकी करून पाहावी.

कोकणातील वाचकांना हे आकडे मोठे वाटतील, आणि ते बरोबरच आहे. रत्नागिरी, अलिबागकडे पहाटेचे पाणी इतके गार नसते. तेथे फरक १५ अंशांचा धरला तर एका युनिटात तीन बादल्यांहून अधिक पाणी निघते. देशावरील व मराठवाड्यातील घरांना ही सवलत नाही.

गिझर बरा की रॉड, हा वाद चौकाचौकांत ऐकू येतो. पाणी तापविण्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच आहेत. तार पाण्यात बुडालेली असल्यामुळे जवळजवळ सारी वीज पाण्यातच उतरते. १,५०० वॅटचा रॉड वरील बादली वीस मिनिटांत तयार करील, ५०० वॅटचा तासभर घेईल, युनिट अर्धेच. ‘लहान रॉड कमी वीज खातो’ हा गैरसमज त्यातूनच आलेला आहे. फरक पडतो तो पाणी तापल्यानंतर काय होते त्यात. रॉड लावून माणूस बाहेर गेला, बादली उकळून वाफ निघू लागली, की पैसे हवेत गेले. गिझरचे बटण दिवसभर चालू ठेवले तर टाकीतील पाणी निवते, पुन्हा तापते, पुन्हा निवते.

आपला गिझर असे किती खातो हे पाहण्याची एक साधी रीत आहे. रात्री इशानंतर सर्वांची कामे उरकली की गिझर पूर्ण तापू द्यावा. नंतर फ्रिजचा प्लग काढून, दिवे-पंखे बंद करून मीटरचा आकडा वहीत लिहावा. गिझर चालूच ठेवावा, पण पाणी काढू नये. दोन तासांनी पुन्हा आकडा पाहावा. जितका वाढला त्याला बाराने गुणले की चोवीस तासांचा फुकटचा खर्च समजतो. जुन्या, आतील अस्तर खचलेल्या गिझरात तो दिवसाला एखाद्या युनिटाइतकाही निघू शकतो, म्हणजे महिन्याला तीस. (फ्रिज पुन्हा लावण्यास विसरू नये, सकाळी दूध नासले तर या पानाला बोल लागेल.)

टप्पे, आणि घरधंद्याची रेषा

जुन्या सवयीने आपण आजही ‘एमएसईबीचे बिल’ म्हणतो. मंडळाचे २००५ साली विभाजन झाले आणि वितरण महावितरणकडे आले. भिवंडीत २००७ पासून व मालेगावात २०२० पासून वितरणाचे काम खासगी कंपन्यांकडे आहे. तरी दर ठरवितो तो राज्य वीज नियामक आयोगच.

घरगुती दराचे टप्पे असे आहेत: पहिली १०० युनिटे, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. शंभराच्या वर गेले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असे अनेकांना वाटते. तसे नाही. पहिली शंभर पहिल्याच दराने राहतात, वरच्यांना वरचा दर लागतो. परंतु महावितरणच्या अलीकडील वर्षांच्या दरपत्रकांत दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून अधिक राहिला आहे. वहन आकार आणि शुल्क त्यावर आणखी.

येथे व्यापारी माणसाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण जे युनिट वाचवितो ते नेहमी वरच्या टोकाचे असते. महिन्याला २७० युनिटे वापरणाऱ्याने तीस वाचविली तर ती दुसऱ्या टप्प्याच्या दराने वाचली, पहिल्या नव्हे. म्हणून बचतीचा हिशेब बिलाच्या सरासरीने करू नये. आपण ज्या टप्प्यात उभे आहोत त्या टप्प्याच्या दराने करावा.

आता मुख्य मुद्दा. घराच्याच एका भागात लहानसा व्यवसाय करणाऱ्याला घरगुती दर मिळावा की नाही, याबद्दल आयोगाने सोय ठेवलेली आहे. २०२३ च्या दर-आदेशातही ती आहे. महिन्याचा वापर ३०० युनिटांपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षाचा एकूण वापर ३,६०० युनिटांपर्यंत असेल, तर राहत्या घरातून धंदा करणाऱ्याला घरगुती गटाचा दर लागू होतो. याचा निर्णय आर्थिक वर्ष संपल्यावर होतो. वर्षाचा वापर ३,६०० च्या पुढे गेला की ती सवलत पुढे राहत नाही. मग घरातील दिवा, फ्रिज आणि न्हाणीचे पाणी, सारेच व्यापारी वा औद्योगिक गटाच्या दराने मोजले जाते. दर-आदेश बदलत असतात, तेव्हा चालू वर्षी शब्द काय आहेत हे उपविभागीय कार्यालयात एकदा विचारून घ्यावे. घरात धंदा आहे हे लपवून ठेवणे मात्र शहाणपणाचे नाही. मंजूर कामाखेरीज दुसऱ्या कामाला वीज वापरल्याचे आढळले तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ नुसार दुप्पट दराने आकारणी होते.

आर्थिक वर्ष मार्चला संपते. म्हणजे एप्रिल-मेच्या पंखे-कूलरचा वापर होऊन गेलेला असतो, ऑक्टोबरची उष्माही गेलेली असते, आणि वर्षाची रेषा ओलांडायची की नाही हे ठरते ते नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत. हिवाळ्याला महत्त्व आहे ते यामुळे.

एक उदाहरण मांडू. समजा सात माणसांचे शिंप्याचे घर आहे, दोन यंत्रे व एक इस्त्री घरातच चालतात. बिलाच्या कागदावर मागील बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्यावरून एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांची बेरीज २,२५० आली. ३,६०० तून २,२५० गेले, राहिले १,३५०. पाच महिन्यांना वाटले तर महिन्याला २७०. आता गेल्या हिवाळ्याचे आकडे पहा: नोव्हेंबर २५०, डिसेंबर २९२, जानेवारी २९८, फेब्रुवारी २८५, मार्च २६५. बेरीज १,३९०. एकही महिना तीनशेच्या पुढे नाही, घरातील कोणालाही काही अति झाले असे वाटलेले नाही, आणि तरीही वर्षाची बेरीज ३,६४०. रेषा चाळीस युनिटांनी ओलांडली.

चाळीस युनिटे म्हणजे अंघोळीच्या ऐंशी बादल्या. पाच महिन्यांचे दीडशे दिवस. दिवसाआड एका बादलीहून थोडे अधिक पाणी विजेऐवजी दुसऱ्या रीतीने तापविले असते तर हे घर रेषेच्या आत राहिले असते.

यंत्रांबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. शिलाईच्या यंत्राला जुनी क्लच मोटर असेल तर ती पाय दाबला नसतानाही फिरत राहते. कारागीर कापड सरळ करीत असतो आणि मोटर वीज खात असते. सर्व्हो मोटर पाय दाबला तेवढीच फिरते. मोटर बदलावयाची असेलच तर लग्नसराईची गर्दी सुरू होण्यापूर्वी बदलावी. इस्त्रीचे कपडे एकत्र साठवून एका बैठकीत उरकावेत. दहा वेळा थंड झालेली इस्त्री दहा वेळा तापविण्यात नफा नाही.

ज्यांचे काम खरोखरच वाढले आहे, चार-पाच यंत्रे झाली आहेत, त्यांनी अंघोळीच्या बादल्या मोजीत बसू नये. कारखान्यासाठी वेगळा मीटर घ्यावा व घर घरगुती गटात स्वच्छ ठेवावे. आणि आकडा टाकून घेतलेल्या विजेबद्दल काय लिहावे? फजरच्या वुजूचे पाणी चोरीच्या विजेवर तापविणाऱ्याने त्या वुजूचा विचार स्वतःच करावा.

बादली कोठे वाचते

सर्वांत स्वस्त उष्णता आपल्या डोक्यावर, स्लॅबवरच असते. काळ्या टाकीतील पाणी पहाटे १६ अंश असेल, पण हिवाळ्यातही मध्यान्हीनंतर ते २६-२७ अंशांपर्यंत चढते, कारण आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत आकाश बहुधा निरभ्र असते. २७ चे ४० करावयास १३ अंश पुरतात. पहाटेच्या बादलीला अर्धे युनिट लागते, दुपारच्या बादलीला पाव युनिटाच्या थोडे वर. ज्यांना घाईने बाहेर जावयाचे नाही, म्हणजे घरी काम करणारे कारागीर, स्त्रिया, शाळेत न जाणारी मुले, त्यांनी अंघोळ जुहरच्या अगोदर ठेवली तर निम्मी वीज वाचते. शुक्रवारी तर हे आपोआप साधते. जुमाच्या गुस्लला बारा-साडेबाराची वेळ बरी, आणि त्या दिवशी घरातील सर्वांचीच अंघोळ असते. टाकी सावलीत असेल, झाडाखाली किंवा जिन्याच्या भिंतीआड, तर एका रविवारी चार जण जमवून ती उन्हात सरकवावी.

टाकी भरण्याची वेळही पाहावी. रात्री मोटर लावली तर ताजे पाणी रात्रभर उघड्यावर निवते. बोअरचे पाणी जमिनीतून येते तेव्हा हिवाळ्यात टाकीतील पहाटेच्या पाण्यापेक्षा उबदार असते. बोअर आहे त्या घरी अंघोळीच्या वेळेसच पाणी खेचून वापरले तर त्यातही पाच-सहा अंश मिळतात.

गिझरचा काटा शेवटपर्यंत फिरविलेला असेल तर तो खाली आणावा. अति तापवून त्यात थंड पाणी मिसळल्याने बचत होते असे काही जण म्हणतात. मिसळण्याने बचतही होत नाही, तोटाही होत नाही; उष्णता तितकीच लागते. तोटा होतो तो अति तापलेली टाकी लवकर निवते म्हणून. पन्नास अंशांच्या आसपास काटा ठेवून, अंघोळी एकामागोमाग उरकून, शेवटचा माणूस आत गेला की बटण बंद करावे. त्याला उरलेले गरम पाणी पुरते. सात माणसे सात वेळांना अंघोळ करतात त्या घरात कोणताही गिझर स्वस्त पडणार नाही.

बोअरचे पाणी जड असते तेथे तारेवर पांढरा खार बसतो. खाराचा थर जाड झाला की पाणी तापण्यास वेळ लागतो आणि एके दिवशी तार जळते. वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्यापूर्वी, गिझर उघडून साफ करून घ्यावा. रॉडवरील खार, तो पूर्ण थंड झाल्यावर व प्लग काढून, लिंबाच्या पाण्यात भिजवून पुसला तरी निघतो.

वुजूच्या पाण्याचे मोल मोठे नाही, पण ते दिवसातून पाच वेळा लागते. तोटी सोडून वुजू करणाऱ्याचे पाणी बहुतेक नालीत जाते. गिझरच्या नळीतील थंड पाणी आधी वाहून जाते, गरम येईपर्यंत वुजू संपलेला असतो, आणि ओढलेल्या पाण्याच्या जागी टाकीत आलेले थंड पाणी पुन्हा तापते. बदन्यात किंवा तांब्यात घेतलेले दीड लिटर कोमट पाणी पुरते. वाहत्या नदीच्या काठी असतानाही वुजूत पाणी उधळू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण सर्वांनी ऐकली आहे, गरम पाण्याला तर विजेची किंमत आहे. पहाटे चहाच्या वेळी दोन लिटर पाणी तापवून थर्मासमध्ये भरून ठेवले तर फजरसाठी घरातील दोघा-तिघांचे काम होते. थंडीत चामड्याचे मोजे वापरणाऱ्यास पाय धुण्याऐवजी मसह करण्याची सवलत शरीअतने दिलेली आहे. घरी असणाऱ्यास ती एका दिवस-रात्रीची व प्रवाशास तीन दिवसांची आहे. मोजे वुजूच्या अवस्थेत चढविले पाहिजेत, इत्यादी अटी आपल्या इमामसाहेबांकडून समजून घ्याव्यात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगणे भाग आहे. बचतीचा हा सारा खटाटोप धडधाकट माणसांसाठी आहे. घरात बाळंतीण आहे, तान्हे मूल आहे, दादी-नानी संधिवाताने बेजार आहेत, तेथे गरम पाण्याला हात आखडू नये. चाळीस युनिटे वाचवावयाची तर ती तरुणांच्या लांबलेल्या शॉवरमधून वाचवावीत. शॉवरखाली दहा मिनिटांत दोन-तीन बादल्यांचे पाणी सहज जाते, आणि अंघोळ करणाऱ्यास ते दिसत नाही.

खोली तापविण्याचा हीटर आपल्या प्रदेशात बहुधा अनावश्यक आहे. दोन कांड्यांचा हीटर २,००० वॅटचा असतो. दोन तासांत चार युनिटे, म्हणजे आठ अंघोळी. दाराच्या फटीला जुन्या चादरीची गुंडाळी लावावी, खिडकीचे फुटलेले तावदान बसवावे, आणि गोधडी घ्यावी. यंत्रमाग, शिलाई किंवा गादीकाम चालते त्या खोलीत तर लाल होणारी तार आणूच नये. हवेत उडणारी रुई तिच्यावर पडली की आगीला दुसरे कारण लागत नाही.

गॅस, बंब आणि सूर्य

घरगुती सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो. त्याची एकूण उष्णता सुमारे १८० युनिटांइतकी आहे. झाकण ठेवून, आच भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ न देता तापविले तर त्यातील साठ टक्क्यांच्या आसपास उष्णता पाण्यात उतरते, म्हणजे सुमारे ११० युनिटांचे काम. आता आपल्या गावात सिलिंडर ज्या भावाने पडतो त्याला ११० ने भागावे. नऊशे रुपये धरले तर युनिटामागे आठ रुपयांच्या थोडे वर येतात. हा आकडा आपल्या टप्प्याच्या विजेच्या दराशेजारी ठेवावा. पहिल्या शंभर युनिटांतच ज्यांचे भागते त्यांना वीज स्वस्त पडेल. ज्यांची शंभर ओलांडलेली आहेत त्यांना गॅस स्वस्त पडेल, आणि ३,६०० च्या रेषेच्या जवळ असलेल्यांना तर निश्चितच. झाकणाशिवाय मोठ्या पातेल्यात तापविल्यास हा सारा हिशेब बिघडतो.

सुतारकाम करणाऱ्यांच्या घरी तांब्याचा बंब पुन्हा बाहेर काढण्यास हरकत नाही. रंध्याचा भुसा, ढलप्या, तुकडे हे सरपण फुकटच असते. बंब अंगणात किंवा गच्चीवर ठेवावा. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, रंग लावलेले लाकूड व सिंथेटिक चिंध्या जाळू नयेत. तो धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो.

ज्यांच्याकडे स्वतःची गच्ची आहे त्यांनी सौर बंबाचा विचार जरूर करावा. शंभर लिटर पाणी चाळीस अंशांनी तापविणे म्हणजे रोज साडेचार युनिटांहून अधिक काम. सात माणसांच्या घराला, सर्वांनी बादलीनेच अंघोळ केली तर, दीडशे ते दोनशे लिटरचा पुरतो. पाणी जड असेल तर नळ्यांत खार बसतो. खरेदी करताना साफसफाई कोण व कशी करणार हे विचारूनच पैसे द्यावेत. एकरकमी पैसे नसतील तर व्याजाच्या हप्त्यांत न शिरता मोहल्ल्यातील पाच-सहा घरांनी भिशी लावावी आणि दर महिन्यास एकाच्या गच्चीवर बंब चढवावा. सहा घरांनी मिळून घासाघीस केली तर दुकानदारही भाव उतरवितो, हे व्यापाऱ्यांना सांगावयास नको. मस्जिदीच्या कमिट्यांनाही हाच उपाय लागू आहे. वुजूखान्यातील गरम पाण्याचे बिल शेवटी चंद्यातूनच भरले जाते.

जिवाची काळजी

हिवाळ्यात वर्तमानपत्रांत न्हाणीघरातील मृत्यूंच्या बातम्या येतात. रॉड लावलेल्या बादलीत पाणी तापले का हे बोट घालून पाहणे ही सर्वांत घातक सवय होय. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग पाण्यास हात, हा क्रम लहान मुलांनाही शिकवावा. रॉड लोखंडी बादलीत टांगू नये, रिकाम्या बादलीत चालू करू नये, आणि त्याला १६ अँपिअरचा अर्थिंग असलेला सॉकेटच असावा. पंख्याच्या साध्या सॉकेटमध्ये खटपट करून बसविलेला प्लग तापून वितळतो. घरात अर्थिंग नसेल तर तो खर्च या सर्व बचतीच्या आधी करावा, आणि मीटरजवळ ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. धक्का बसताच तो प्रवाह तोडतो.

गॅस गिझर बंद न्हाणीघरात बसविणे म्हणजे मृत्यूला जागा देणे आहे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. अंघोळ करणारा गुंगी येऊन तेथेच पडतो. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा. पेटलेली शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपणे हेही तितकेच धोक्याचे. निजण्यापूर्वी दिवे व आग विझविण्याची प्रेषितांची (स.) सूचना घरच्या वडीलधाऱ्यांनी या दिवसांत पुन्हा आठवण करून द्यावी.

येणाऱ्या वर्षांचा रमजान

१९९७ ते २००० या काळात रमजान डिसेंबरच्या आसपास येत होता. तेव्हा बहुतेक घरांत चूल किंवा बंब होता. आज त्यांच्या जागी गिझर आहे. चंद्राचे वर्ष फिरत फिरत पुन्हा तेथेच येत आहे. चंद्रदर्शनानुसार एखाद्या दिवसाचा फरक धरून, २०२७ साली रमजान फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होईल, २०२८ साली जानेवारीच्या अखेरीस, २०२९ साली जानेवारीच्या मध्यास, आणि २०३० साली दोन वेळा, जानेवारीच्या आरंभी व पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. पहाटे चार-साडेचारला सर्व घर जागे होणार, दिवे लागणार, आणि टाकीतील पाणी सर्वांत गार असेल नेमक्या त्या वेळी वुजू होणार. त्याच दिवसांत ईदचे कपडे शिवणाऱ्यांची यंत्रे मध्यरात्रीपर्यंत चालतात. महिना तीनशेच्या आत ठेवणे त्या वेळी सोपे जाणार नाही, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात वाचलेली युनिटे त्या महिन्यासाठी वहीत शिल्लक दिसली पाहिजेत. अंघोळ शक्यतो जुहरपूर्वी ठेवावी. सहरीचे अन्न गरम होत असतानाच दुसऱ्या शेगडीवर झाकण घालून पाच लिटर पाणी ठेवावे. अजान होईपर्यंत ते थर्मासमध्ये भरलेले असेल, आणि त्या पहाटे गिझरचे बटण दाबावे लागणार नाही.